सातबाऱ्याच्या तळाशी : नगर जिल्ह्यातील मूळ नोंदींचा शोध

जमिनीचे दप्तर कोणतीही राजवट कोऱ्या कागदावर सुरू करत नाही. ते आधीच्या सत्तेकडून मिळते आणि त्यात आधीच्यांनी केलेल्या दुरुस्त्या, सवलती, चुका आणि लबाड्याही सोबत येतात. ते चालवायचे तर पहिला प्रश्न असतो तो मूळ कोणते आणि मागाहून केलेले कोणते, हा. अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, हा प्रश्न गेल्या चारशे वर्षांत निदान चार वेळा नव्याने सोडवावा लागला. निजामशाहीचा टंखा, मराठ्यांचा कमाल, इंग्रजांची पैमाश आणि विसाव्या शतकातले हक्कनोंदणीचे दप्तर असे थर एकावर एक चढत गेले. आज तलाठ्याकडून किंवा संकेतस्थळावरून मिळणारा सातबारा हा त्यातला सर्वांत वरचा.

यातला ज्ञात असा पहिला थर मलिक अंबरच्या नावावर आहे. १६०० मध्ये नगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेल्यावर उरलेली निजामशाही या हबशी वजिराने १६२६ मध्ये मरेपर्यंत तगवली. त्याने वसुलीचा मक्ता बंद केला, गावगाड्याचे वतनदार पुन्हा कामाला लावले, आणि पिकाचा वाटा धान्यात घेऊन काही वर्षांच्या अनुभवानंतर तो पैशात ठरवला, असे ग्रँट डफने मराठ्यांच्या इतिहासात नोंदवले आहे. सरकारचा वाटा उत्पन्नाचा दोन पंचमांश आणि पैशात घेतला तर सुमारे एक तृतीयांश, अशी परंपरा तो सांगतो. गावावर बसवलेल्या या ठरीव रकमेला टंखा म्हणत. टंखा गावाचा होता, शेताचा नव्हे. गावाच्या एकूण रकमेची फोड पाटील-कुलकर्णी आपसांत करत आणि त्या फोडीचा कागद कुलकर्ण्याच्या घरी राही. पुढच्या दोनशे वर्षांतल्या बऱ्याच घोळाचे मूळ या एका गोष्टीत आहे.

मराठ्यांनी टंखा पुसला नाही. चौथाई-सरदेशमुखीचे हिशेब जुन्या टंख्यावरच बेतले जात असल्यामुळे तो कागदावर जिवंत राहिला. प्रत्यक्ष वसुलीसाठी मात्र गाव जास्तीत जास्त किती देऊ शकते याचा अंदाज धरला जाई, त्याला कमाल म्हणत. कमालाच्या वर निरनिराळ्या पट्ट्या, बाबती आणि खर्च चढत. ओसाड गाव लावणीला आणायचे असेल तर उलट सूट देऊन कौल दिला जाई आणि आकार वर्षागणिक वाढत पूर्ण रकमेला पोचे. अशा रीतीने एकाच गावापुढे तीन आकडे उभे असत : टंखा जुना आणि बहुधा निरुपयोगी, कमाल कागदोपत्री कमाल मर्यादा, आणि वसूल दर साली वेगळा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती लिलावाने मक्त्याला दिल्या गेल्या तेव्हा या तिन्ही आकड्यांना अर्थ उरला नाही. मक्तेदाराने जितके कबूल केले तितके आणि त्यावर नफा, एवढाच हिशेब राहिला. पेशवाईच्या शेवटच्या वर्षांतली वसुलीची कागदपत्रे म्हणूनच मूळ शोधण्याच्या कामाची नाहीत. ती व्यवस्थेची नोंद नसून तिच्या मोडतोडीची नोंद आहे.

१८१८ मध्ये हे सगळे इंग्रजांच्या गळ्यात पडले. नगरचा पहिला कलेक्टर कॅप्टन हेन्री पॉटिंजर. त्याच्या हाताखालचा मुलूख आजच्या जिल्ह्याहून बराच मोठा होता, नाशिक वेगळा जिल्हा झाला तो १८६९ मध्ये. दख्खनचा कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याचे धोरण सावध होते : मक्ता बंद, वसूल प्रत्यक्ष लागवडीवर, दर पूर्वीचेच, नव्या कल्पना नकोत. ऐकायला सोपे वाटणाऱ्या या धोरणात मेख अशी होती की ‘पूर्वीचे दर’ कोणालाच नक्की सांगता येईनात. पुण्याच्या दप्तरात परगण्याचे ताळेबंद सापडत. शेताचा दर गावात होता आणि गावात तो कुलकर्ण्याच्या मोडी कागदात किंवा त्याच्या तोंडात होता. मक्तेदाराच्या काळात काही कागद हरवले होते, काही हरवले असे सांगण्यात फायदा होता.

तरीही या गोंधळात एक गोष्ट टिकून होती, ती म्हणजे थळ. गावची मिरासी, म्हणजे वंशपरंपरेची, जमीन पूर्वी मोठमोठ्या थळांत विभागलेली असे आणि थळाला त्या कुळाचे आडनाव चिकटलेले असे. घराणे परागंदा झाले, निर्वंश झाले, तरी थळाचे नाव बदलत नसे, अशा जमिनीला गतकुळ म्हणत. कसणारा उपरा असला तरी थळझाड्यात, म्हणजे थळांच्या यादीत, नाव जुन्याचेच राही. दख्खनच्या जमीनधारणेवर १८३० च्या दशकात लिहिणाऱ्या कर्नल साइक्सने या थळझाड्यांना महत्त्व दिले ते याच कारणासाठी. बाकीचे आकडे हवे तसे फिरवलेले असताना नावे फिरवण्यात कोणाचा लाभ नव्हता, म्हणून ती खरी राहिली. जुन्या दप्तरात मूळ ओळखण्याची ही पहिली कसोटी आजही लागू पडते. ज्या रकान्यातल्या बदलाने कोणालाच काही मिळत नाही, तो रकाना आधी वाचावा.

मूळ सापडत नाही म्हटल्यावर दोन मार्ग उरतात. सापडेल तेवढे जोडून घ्यायचे, किंवा नवे मूळ ठरवून टाकायचे. रॉबर्ट कीथ प्रिंगलने १८२० च्या दशकाच्या अखेरीस पुणे भागात निव्वळ उत्पन्न काढून त्याच्या प्रमाणात सारा बसवण्याचा प्रयत्न केला. आकडेमोड इतकी गुंतागुंतीची आणि खालचे कारकून इतके सैल की तो बारगळला. मग १८३५-३६ पासून पुणे जिल्ह्यातल्या इंदापुरात एच. ई. गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी जुन्या दराचा पिच्छा सोडला. शेत मोजायचे, मातीची प्रत ठरवायची, गावांचे गट करून दर लावायचा आणि तो तीस वर्षे बदलायचा नाही. १८४७ च्या ‘जॉइंट रिपोर्ट’मध्ये गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांनी ही पद्धत नियमबद्ध केली. नगर जिल्ह्यातले तालुके १८५० च्या आगेमागे याच पद्धतीने मोजले गेले.

मोजणी तेहतीस फुटांच्या साखळीने होई. साखळीचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. साधारण एका बैलजोडीच्या आवाक्यातले क्षेत्र एक सर्व्हे नंबर धरले जाई, त्याहून लहान मालकीचे तुकडे त्याच नंबरात पोटात जात. बांधाच्या कोपऱ्यांवर दगड रोवले जात. मग प्रतबंदी करणारा कारकून, ज्याला क्लासर म्हणत, शेताच्या कच्च्या नकाशावर चौकटी आखून प्रत्येक चौकटीत मातीचा रंग आणि खोली तपासत असे. पावणेदोन हात खोल काळी जमीन सोळा आण्यांची. खोली कमी होईल तसे आणे उतरत. चुनखडी, वाळू, उतार, पाणथळपणा असा दोष आढळला तर प्रत आणखी खाली. सगळ्या चौकटींची सरासरी काढून नंबराची प्रत ठरे आणि गटाच्या कमाल दराशी गुणून आकार निघे.

या कामातून निघालेल्या कागदांची नावे भूमी अभिलेख कार्यालयात आजही रोजच्या बोलण्यात आहेत. टिपण म्हणजे शेताच्या बाजूंची मापे असलेला कच्चा आराखडा. गुणाकार बुकात त्या मापांवरून काढलेले क्षेत्रफळ. क्लासर रजिस्टरात प्रतबंदी. शेतवार पत्रकात नंबरवार क्षेत्र, खराबा, आकार आणि तेव्हाचा खातेदार. सगळ्यांचा सारांश आकारबंदात, जो पुढे गाव नमुना नंबर एक झाला. पोटहिस्से पडले की फाळणी आणि आकारफोड पत्रक निघे. रस्त्यात, पाटात, रेल्वेत जमीन गेली की कमी-जास्त पत्रक, ज्याला सगळे ‘कजाप’ म्हणतात. हद्दीचा वाद आला की अनुभवी भूकरमापक सातबाऱ्याकडे फारसे पाहत नाही, टिपण मागतो. त्याचे कारण उघड आहे. टिपण जागेवर मोजून तयार झाले, बाकीचे सारे त्यावरून उतरवलेले. उतरवताना चूक होऊ शकते, आणि एका कारकुनाने केलेली चूक पुढच्याने इमानेइतबारे उतरवून घेतलेली असते.

आकारबंदालाही एकच अवस्था नाही, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. तीस वर्षांची मुदत संपल्यावर फेरपैमाश झाली, दर बदलले, काही नंबरांची क्षेत्रे सुधारली. आजच्या सातबाऱ्यावरचा आकार हा विंगेटच्या वेळचा नसून फेरआकारणीतला असतो. ‘मूळ आकारबंद’ असे नुसते म्हटले तर कोणत्या वेळचा, हे विचारावेच लागते.

पैमाशीने जमीन मोजली, पण हक्क मोजला नाही. खातेदार म्हणजे सारा भरणारा, मालक असेलच असे नाही, अशी तिची स्वच्छ भूमिका होती. इनाम जमिनींचा प्रश्न वेगळ्या मार्गाने गेला. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशन आले आणि सनदेत मूळ काय लिहिले होते ते पेशवे दप्तराशी ताडून पाहू लागले. वंशपरंपरेचे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या भोगलेले इनाम मूळ सनदेत एका हयातीपुरतेच निघाले तर गेले. मूळ शोधण्याचे काम निरुपद्रवी नसते, हे दख्खनच्या इनामदारांना या कमिशनने शिकवले.

रयतेच्या जमिनीचे मूळ मात्र कोर्टात हरवत होते. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात कापसाचे भाव चढले, १८६५ नंतर कोसळले, आणि सावकारी रोख्यांवर रोखे चढत गेले. जुने व्याज नव्या रोख्यात मुद्दल म्हणून लिहिले जाई, त्यामुळे पाचव्या रोख्यावर मूळ कर्ज किती होते याचा मागमूस उरत नसे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात दंगा झाला आणि तो पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या भागांत पसरला. जमावाचा रोख माणसांवर कमी आणि कागदांवर जास्त होता. रोखे आणि हुकूमनामे ओढून काढून जाळले गेले. चौकशी आयोगानंतर १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला. त्यातला सर्वांत धारदार भाग असा की रोख्यावर लिहिलेल्या रकमेवर न थांबता, व्यवहार सुरू झाला त्या क्षणापासूनचा इतिहास तपासण्याचा अधिकार आणि जबाबदारी कोर्टावर टाकली गेली. समोरच्या आकड्यामागे जाऊन पहिला आकडा काढणे ही गोष्ट नगर जिल्ह्यात अशा तऱ्हेने कायद्याने सक्तीची झाली. चालू नोंद खरी मानायची पण अंतिम मानायची नाही, ही महसुली कामातली वृत्ती त्याच जातीची आहे.

हक्कांची सरकारी नोंद सुरू झाली ती १९०३ च्या मुंबई कायद्याने. १९१३ मध्ये ती तरतूद जमीन महसूल संहितेत घेतली गेली. गावच्या हिशेबांचे नमुने अँडरसनच्या मॅन्युअलने एक ते एकवीस असे पक्के केले आणि ते क्रमांक शंभर वर्षे टिकले. त्यातला सातवा नमुना हक्काचा, बारावा पिकांचा, दोन्ही एका पानावर आले म्हणून सातबारा. त्यांना बळ मिळते ते सहाव्या नमुन्यातून, फेरफार नोंदवहीतून. खरेदी, वाटणी, वारस, गहाण, काहीही झाले तरी आधी फेरफार लिहायचा, नोटीस काढायची, हरकत नसेल तर मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करायचा, आणि मगच सातबाऱ्यावर ओढायचा. जुने नाव कंसात जाते, नव्या नावाशेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक येतो. वर्तुळातला हा क्रमांक म्हणजे मागे जाण्याची पायरी. त्या क्रमांकाचा फेरफार काढला की आधीची स्थिती कळते, तीत आणखी जुना क्रमांक असतो, आणि असे उतरत १९३० च्या सुमाराच्या उताऱ्यांपर्यंत, क्वचित त्याआधीच्या कडईपत्रकापर्यंत पोचता येते. साखळीत एखादा क्रमांक नसेल, किंवा असलेल्या क्रमांकाचा फेरफार दुसऱ्याच जमिनीचा निघाला, तर बिघाड तिथे आहे असे समजावे.

स्वातंत्र्यानंतरच्या पंचवीस वर्षांत या दप्तरावर जितके थर चढले तितके आधीच्या शंभरात चढले नसतील. १९४७ चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायदा, १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, परगणे-कुलकर्णी वतने आणि कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारे कायदे, १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा, १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झालेली महाराष्ट्र जमीन महसूल संहिता. प्रत्येकाने ‘इतर हक्क’ या रकान्यात आपापला शेरा सोडला. एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना नंबर कोणत्या गटात गेला हे सांगणारे जबाब आणि पत्रक योजनेच्या ९(३), ९(४) या उताऱ्यांत मिळते, आणि तो दुवा हाती नसेल तर गटाच्या मागे जाणारी वाट बंद होते. कुलकर्णी वतन संपल्यावर घरोघरचे दप्तर तलाठ्याकडे जमा व्हायला हवे होते. सगळे झाले नाही, काही वाड्यांच्या माळ्यावर राहिले.

शिवाय मोजण्याची एककेच बदलली. १९५७ मध्ये आणे-पै जाऊन नवे पैसे आले, पुढे एकर-गुंठे जाऊन हेक्टर-आर आले. यामुळे आजच्या सातबाऱ्यावर चमत्कारिक दिसणारे आकडे असतात, आणि तेच मुळाकडे बोट दाखवतात. उदाहरणादाखल एक काल्पनिक उतारा घेता येईल. गटाचे क्षेत्र १ हेक्टर ६२ आर, आकार ३ रुपये ३८ पैसे. एक एकर म्हणजे ४०.४७ आर, म्हणून १.६२ हेक्टर हे सरळ चार एकर निघतात. अडतीस पैसे म्हणजे साडेसदतीस, म्हणजे सहा आणे. मूळ नोंद चार एकर, तीन रुपये सहा आणे. आता समजा हा सर्व्हे नंबर ५७ चा हिस्सा आहे आणि आकारबंदात पूर्ण नंबर बारा एकर, आकार दहा रुपये दोन आणे आहे. तीन भावांत सारखी वाटणी झाली, प्रत्येकी चार एकर आणि तीन रुपये सहा आणे, हिशेब तंतोतंत जुळतो. पैशात मात्र पूर्ण नंबराचा आकार १०.१३ होतो आणि तीन हिश्श्यांची बेरीज १०.१४. हा एका पैशाचा फरक कोणी केलेला नाही, तो रूपांतरातून आला. क्षेत्रातही तसेच : एकेक एकराचे तीन तुकडे प्रत्येकी ४० आर लिहिले तर बेरीज १२० आर, पण तीन एकराचे रूपांतर १२१ आर. ०.८१, १.६२, २.४३ असे आकडे दिसले की ते दोन, चार, सहा एकर आहेत हे जुने तलाठी न मोजता सांगत. उलट २.०० किंवा १.५० असे गोल हेक्टर दिसले, तर ती नोंद दशमान पद्धत आल्यानंतर, म्हणजे अलीकडच्या वाटणीत, मोजणीत किंवा वाटपात झाली असण्याची शक्यता जास्त.

मूळ शोधण्याचा सर्वांत मोठा सार्वजनिक प्रसंग नगर जिल्ह्यात खंडकऱ्यांच्या जमिनींवरून आला. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले, प्रवरेच्या पाटाखाली ऊस शक्य झाला, आणि हरेगावच्या बेलापूर कंपनीपासून टिळकनगरपर्यंत खासगी साखर कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन मोठे मळे उभे केले. १९६१ च्या कमाल धारणा कायद्याने कारखान्यांचे मळे सरकारकडे गेले आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाच्या ताब्यात आले. ज्यांनी जमीन फक्त खंडाने दिली होती त्यांचे नाव कंपनीच्या, मग महामंडळाच्या नावाखाली दबले. श्रीरामपूर, राहाता, कोपरगाव या पट्ट्यात खंडकऱ्यांचा लढा अनेक दशके चालला आणि कायद्यातल्या दुरुस्त्यांनंतर २०१२ च्या सुमारास जमीनवाटप प्रत्यक्षात आले.

त्या वेळी प्रश्न सातबाऱ्यावर आज काय आहे हा नव्हता. आज महामंडळ होते, यात वाद नव्हताच. खंडाचा करार झाला तेव्हा खातेदार कोण होता आणि त्याचे आजचे वारस कोण, हे काढायचे होते. बेलापूर एके काळी राहुरी तालुक्यात होते, श्रीरामपूर आणि राहाता हे तालुके नंतरचे. एकाच शेताचे कागद त्यामुळे दोन-तीन तालुक्यांच्या नावाखाली विखुरलेले असू शकतात. मधल्या काळात मळ्यांत बांध मोडून सलग क्षेत्र केले गेले होते, म्हणून मूळ जागाच परत देता येईल असे नव्हते. परत मिळालेली जमीन भोगवटादार वर्ग २ म्हणून नोंदली गेली. मूळ खंडकऱ्याची जमीन विनाशर्त होती, परतलेली सशर्त, आणि ती वर्ग १ व्हावी ही मागणी पुढे वर्षानुवर्षे राहिली. मूळ मालक सापडला म्हणून मूळ हक्क आपोआप परत येतो असे नाही, हे या प्रकरणात दिसते.

शोध घेता येण्यासाठी कागद जागेवर असावा लागतो, आणि याबाबत नगरचे नाव राज्यभर झाले ते १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी जिल्हाधिकारी कार्यालयाची घडीच बदलली. अभिलेख कक्षातल्या गठ्ठ्यांची छाननी झाली, कायम ठेवायचे ‘अ’, दीर्घ मुदतीचे ‘ब’, थोड्या मुदतीचे ‘क’, लवकर नष्ट करायचे ‘ड’ असे वर्गीकरण काटेकोर झाले. टेबलावरच्या कामासाठी सहा गठ्ठ्यांची पद्धत आली : चालू प्रकरणे, प्रतीक्षेतली, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची, आणि नष्ट करायची. ‘लखिना पॅटर्न’ म्हणून ती इतर जिल्ह्यांत गेली. तिची वाखाणणी बहुधा कार्यालयीन टापटिपीसाठी होते, पण जुन्या नोंदीच्या दृष्टीने तिचे महत्त्व वेगळे आहे. काय कायम राखायचे हे लिहून ठेवल्याशिवाय काय मूळ आहे हे पुढच्याला कळत नाही, आणि स्थायी आदेशांचा गठ्ठा वेगळा असला की नियम कोणता आणि अपवाद कोणता हे बदलीवर आलेल्या नव्या कारकुनालाही पहिल्या दिवशी दिसते.

संगणकीकरणाने हा प्रश्न संपेल असे वाटले होते. हस्तलिखित सातबारे संगणकात चढवताना चुका आल्या, काही जुन्या चुकाही निष्ठेने चढल्या. २०१७ मध्ये गावोगावी चावडीवाचन करून उतारे लोकांसमोर वाचले गेले, एडिट आणि री-एडिट अशा फेऱ्यांत हस्तलिखिताशी ताळमेळ घातला गेला, आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. ऑगस्ट २०२१ पासून पीक पाहणी शेतकऱ्याच्या मोबाइलवरून होऊ लागली. बारावा नमुना असा तलाठ्याच्या हातून निघाला, सातवा राहिला.    सातबाऱ्याजवळ आकारबंद आहे, आणि आकारबंदाशी क्षेत्र जुळते का एवढेच संगणक आपणहून तपासू शकतो. नाव जुळते का, हे फेरफार वाचूनच ठरते.

सगळीकडे असेच चालते असे नाही. १८५८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्सने आणलेल्या पद्धतीत नोंदवहीत आज जे आहे तेच अंतिम, मागे पाहायचे कारणच नाही, चूक झाली तर सरकार भरपाई देते. महाराष्ट्रात संहितेचे कलम १५७ अधिकार अभिलेखातली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानते, त्यापुढे जात नाही. मूळ कागदांची किंमत येथे टिकून आहे ती या ‘होईपर्यंत’मुळे.

नगर जिल्ह्यातल्या एखाद्या शेताचे मूळ काढायचे असेल तर क्षेत्र आणि आकारासाठी तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात आकारबंद, टिपण आणि कजाप मागावे लागते. हक्कासाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात जुने सातबारे आणि फेरफार पाहावे लागतात. गट नंबर असेल तर एकत्रीकरणाचा उतारा आधी घ्यावा, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीचा कागद असेल तर मोडी वाचणारा माणूस बरोबर असावा. लेखनप्रमाद आढळला तर संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदार दुरुस्तीचा आदेश काढतात. त्या आदेशाचाही फेरफार होतो, त्यालाही क्रमांक पडतो, आणि चुकीची ठरलेली नोंद पुसली जात नाही, कंसात राहते.